मोमोलोचा काठ

मोमोलो ज्या दगडावर उभा राहून फ्रितोले तळायचा, त्या दगडाला त्याच्या बापाच्या टाचांनी खळगा पडलेला होता. बाप गेला, मोमोलोनं त्याच खळग्यात आपल्या टाचा ठेवल्या आणि झारा हातात घेतला. झालं त्याचं आयुष्य. आमच्या व्हेनिसमध्ये ज्याला त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या गोष्टी सांगायच्या असतात. मोमोलोनं मात्र लग्न झाल्यापासून समोरचा पूलसुद्धा ओलांडला नव्हता. पलीकडे काही काम निघालंच तर तो लांबच्या पुलानं वळसा घालून जायचा, भर पावसात, हातात टोपली घेऊन. एकदाच काय तो या पुलावरून गेला. ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते.

माझी खिडकी कालव्याच्या वळणावर आहे. समोर मधोमध पूल, पुलाच्या बरोबर मागे चर्चचा घुमट, आणि दोन्ही अंगांना सारखे काठ, सारख्या पायऱ्या, सारख्याच ओल आलेल्या भिंती. उजव्या काठावर मोमोलोची लाकडी टपरी, डाव्या काठावर टीटाची. दोघेही फ्रितोलेच तळायचे, वर साखर भुरभुरलेले पिठाचे गोळे. परक्या माणसाला दोन्ही काठांत फरक सांगता आला नसता. आम्हाला यायचा. मनुका, चिलगोजे, महाळुंगाची पाकवलेली साल असं सगळं ताटल्यांत घालून समोर मांडायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे पिठात काय पडतंय ते गिऱ्हाइकाला दिसतं. टीटाच्या ताटलीतल्या मनुका ताटलीतच राहायच्या.

तळणाऱ्यांची पंचायत फार कडक. कुणाची कढई कुठल्या पुलापाशी लागायची ते ठरलेलं असतं, जागा बापाकडून मुलाकडे जाते, आणि दुसऱ्याच्या जागेवर कुणी तिवई टेकवली तर कढई जप्त. त्यामुळे तळणाऱ्यांची भांडणं जागेवरून होतात आणि पंचायतीपुढे मिटतात. मोमोलो आणि टीटाचं भांडण जागेवरून नव्हतं, म्हणून ते कधी मिटलं नाही. ते लुग्रेझियावरून होतं.

लुग्रेझिया दोर वळणाऱ्याची मुलगी, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिला आधी टीटानं मागणी घातली होती. टीटा मोमोलोपेक्षा देखणा, आणि बोलायला लागला की पुलावरची माणसं थांबायची. आम्हाला वाटलं, ठरल्यातच जमा. लुग्रेझियानं नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या ईस्टरला मोमोलोशी लग्न केलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, “टीटा माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाही गं. ऐकणारे किती जमलेत ते बघतो.” टीटानं पुढे लग्न केलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, धंद्यातून सवड मिळाली नाही.

लुग्रेझिया डावखुरी होती. आमच्याकडे डाव्या हाताला कुणी चांगलं म्हणत नाही. लहानपणी आईनं तिचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून पाहिला, पाद्रीबाबांनी समजावून पाहिलं, पण ती होती तशीच राहिली. सासरी आल्यावर सासऱ्यानं साखरेचा भोकं पाडलेला डबा तिच्या उजव्या हातात दिला, तिनं तो डाव्यात घेतला. मग तोच हात डोक्याच्या वर नेऊन ती साखर सोडायची. एवढ्या उंचावरून कशाला, ते देव जाणे. वारा असला की निम्मी साखर कालव्यात. सासरा म्हणायचा, आपल्या काठचे मासे तेवढे गोड. एका म्हातारीनं तोंडावर सांगितलं की डाव्या हातची साखर अपशकुनी असते. लुग्रेझिया म्हणाली, “मग आजी, तुम्हाला बिनसाखरेचे देते.” म्हातारीनं अपशकून तिथल्या तिथे मागे घेतला.

तिच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात गास्पारो नावाचा एक म्हातारा आमच्या खिडकीत येऊन बसला. तांब्याच्या पत्र्यावर शहर कोरायचं त्याचं काम. परदेशातून श्रीमंतांची पोरं व्हेनिस बघायला येतात आणि जाताना त्यांना व्हेनिस बरोबर न्यायचं असतं. त्यांच्यासाठी हे छाप. घर तेव्हा माझ्या वडिलांचं होतं. गास्पारो सकाळी यायचा, कालवा, पूल, घुमट काढायचा, खाली जाऊन फ्रितोले खायचा, परत येऊन काढायचा. उजव्या काठावर त्यानं मोमोलोची टपरी काढली, मोमोलो काढला आणि साखर सोडणारी लुग्रेझिया काढली. डाव्या काठावर टीटा रोज नवी टोपी घालून उभा होता. पण गास्पारोला त्या बाजूला काहीतरी जड आणि आडवं हवं होतं. त्यानं टीटाच्या जागेपुढे वाळू वाहायची एक नाव आणून बांधली. कागदावर हो. टीटा आणि त्याची टोपी, दोन्ही त्या नावेमागे गेली.

छाप निघाल्यावर गास्पारो ओला कागद दाखवायला घेऊन आला. तांब्यावर सगळं उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं, शिक्क्याचं असतं तसं, हे त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. लुग्रेझियानं कागदाला नाक लावलं.

“ही मी? एवढीशी? मला मुंगी उचलून नेईल.”

पण हात डावाच काढलाय हे तिनं आधी बघून घेतलं होतं, आणि बोट लावून ते नवऱ्याला दाखवलं. मोमोलो हसला. फार हसणारा माणूस नव्हता तो. असला मोठा छाप विकत घ्यायची आमच्यापैकी कुणाची ऐपत नव्हती, त्यामुळे कागद आला तसा परत गेला.

पुढे गास्पारो वारला. त्याचे पत्रे विकले गेले, छापून छापून झिजले, आणि शेवटी कुणीतरी ते ठोकून सपाट केले आणि त्यांच्यावर संतमहात्मे कोरले. लुग्रेझियाही गेली, तापानं, आठवड्याच्या आत. मूलबाळ नव्हतं. माती झाल्यावर मोमोलो कढईवर येऊन उभा राहिला. साखर आता तो स्वतः टाकायचा, उजव्या हातानं, अगदी खालून, एक कण सांडू न देता. लोक म्हणाले, सावरला बिचारा. मला तसं वाटलं नाही, पण मला कुणी विचारलं नाही. आमच्यासारख्यांची चित्रं कोण काढून ठेवतो? लुग्रेझियाचं जगात एकच चित्र होतं, अर्ध्या नखाएवढं, आणि ते कुठल्या कुठल्या परदेशी दिवाणखान्यांत टांगलेलं.

मी विधवा झाले तेव्हा पेटीच्या कागदांचा धंदा जोरात होता, आणि मी त्यात पडले, कागद रंगवायला. पेटी म्हणजे पेटीवाले खांद्यावर घेऊन चौकाचौकांत फिरतात ती. आम्ही तिला ‘नवं जग’ म्हणतो. भिंगाला डोळा लावायचा, आत पॅरिस दिसतं, लढाया दिसतात, बुडणारी जहाजं दिसतात. तळाशी कागद असतो आणि वर तिरका आरसा. आपण बघतो ते आरशातलं. म्हणून पेटीचा कागद मुद्दाम उलटा छापतात, उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. आरसा ते पुन्हा जागेवर आणतो. छापवाल्या दुकानदाराला हे सोपंच. कुणाचातरी जुना छाप घ्यायचा, पत्र्यावर जसाच्या तसा उतरवायचा, कागद आपोआप उलटा निघतो.

आमच्या कालव्याचं असंच झालं. दुकानदाराला गास्पारोचा एक जुना छाप मिळाला, त्यावरून पेटीचा कागद निघाला, आणि गठ्ठे रंगवायला माझ्याकडे आले. पाणी निळं, आभाळ गुलाबी, टपरीचं कापड लाल. लुग्रेझियाचा घागरा मी पिवळा करायची, तिचा होता तसा. पहिला कागद उलगडला आणि ती डाव्या काठावर दिसली तेव्हा जरा चमकले. मग हात सवयीनं चालायला लागला. पेटीचा कागद उलटा असतो हे आमच्या धंद्यात पाण्याला पाणी म्हणण्यासारखं आहे. ते कुणाला मुद्दाम जाऊन सांगावं असं मनातही येत नाही.

परदेशी लोकांना यातलं काय माहीत? त्यांना दिसायचा रंगीत, स्वस्त, गुंडाळून पेटाऱ्यात मावणारा कागद. दुकानदारानं तो पेटीसाठी केला होता, पण समोरून गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर तो कशाला तोंड उघडतोय! परदेशी तो कागद घेऊन, वाटाड्या घेऊन आमच्या काठावर यायला लागले. पूल सापडायचा, घुमट सापडायचा, आणि फ्रितोल्यांची टपरी कागदात डावीकडे. आमच्या नावाड्यांनी तो कागद बघून दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या, कारण त्यात प्रत्येकाचं वल्हं भलत्याच बाजूला होतं. परदेशी माणसाला वल्हं कुठल्याही बाजूला चालतं. ते सरळ टीटाकडे जायचे.

टीटा काही दुधखुळा नव्हता. आठवड्याच्या आत त्याच्या टपरीवर लाल कापड चढलं. मग एकदा एका परदेशी बाईनं कागदावरच्या पिवळ्या घागऱ्यावर बोट ठेवलं आणि वाटाड्यानं विचारलं, ही कोण? टीटा म्हणाला, “बायको माझी. गेली बिचारी.” बाईनं रुमाल डोळ्यांना लावला आणि टोपलीभर फ्रितोले घेतले. हे मला त्या वाटाड्यानंच हसत हसत सांगितलं. त्यानंतर टीटा कुणी विचारायची वाटसुद्धा बघेना. बायको किती गुणाची होती, जाताना माझा हात कसा घट्ट धरला, सगळं रंगवून सांगायचा. एका गिऱ्हाइकाला ती तापानं जायची, दुसऱ्याला बाळंतपणात. खिडकीत बसून मला ते सगळं ऐकू यायचं. मला संताप यायचा, खोटं कशाला बोलू. पण कधीकधी बोलता बोलता त्याचा आवाज असा उतरायचा की हा थाप मारतोय का स्वतःलाच काही सांगतोय, ते मला कळेनासं व्हायचं.

गिऱ्हाईक पलीकडे गेलं म्हणून मोमोलोनं एक शब्द काढला नव्हता. बायकोचं कानावर आलं तेव्हा मात्र त्यानं भर दुपारी कढईखालची लाकडं ओढून विझवली आणि तडक पंचायतीच्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. पंचायतीत टीटा कुणालाच फारसा आवडत नव्हता.

“मोमोलो, त्यानं तुझ्या दगडावर नुसता पाय जरी ठेवला असता, तरी आज त्याची कढई तुझ्या पुढ्यात आणून पालथी घातली असती,” म्हातारा म्हणाला. “पण आपल्या नियमांत दगड आहेत बाबा. कागद नाहीत.”

तिथून तो छापवाल्या दुकानदाराकडे गेला. दुकानदार गडबडीत होता. कागद पेटीचा आहे, पेटीत घालून बघा आणि मग तक्रार घेऊन या, असं त्यानं मान वर न करता सांगितलं. मोमोलोला वाटलं, हा आपली टर उडवतोय. पेटी म्हणजे पोरांचा खेळ, त्याला डोळा लावणारे मोठे लोक म्हणजे रिकामटेकडे, असं त्याचं आधीपासूनचं मत. तो परत आला आणि दोन दिवसांनी माझा जिना चढला. हातात फ्रितोल्यांची ताटली होती, वर फडकं झाकलेलं. रंगवून वाळत घातलेले कागद खोलीभर पसरले होते. त्यानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“ती तुझ्या हातूनच जाते ना?”

“कोण?”

त्यानं हनुवटीनं कागदांकडे दाखवलं. “तिला पुसून टाक.”

मी म्हटलं, छापलेलं पुसता येत नाही.

“मग रंगात बुडव. जाड रंग लाव, पिंप काढ तिथं एखादं. काहीही काढ.”

“मोमोलो, अरे, जगात तिचं एवढंच उरलंय.”

“ठाऊक आहे मला. त्याच्या काठावर असण्यापेक्षा ती कुठंच नसलेली बरी.”

ताटली ठेवून तो खाली गेला. मी दोन दिवस टाळाटाळ केली आणि मग पिंप काढायला घेतलं. पहिलं पिंप वेडंवाकडं आलं. पिवळा घागरा तपकिरी रंगाखाली गेला, मग कंबर, मग तो उंच केलेला हात. मला रडू आलं. पुढची पिंपं बरी जमली. कशाचीही सवय होते. दुकानदाराला पिंप काय आणि बाई काय, सारखंच. टीटाला थोपवायला मात्र पिंप पुरेसं नव्हतं. एका परदेशी माणसानं पिंपाचा कागद पुढे केला तर हा न अडखळता म्हणाला, “बायको पिंपामागे वाकलीय, मनुका काढतेय.” ते उजव्या काठावर मोमोलोलाही ऐकू गेलं. त्या दिवसापासून तो मान वर करेना. पिठाकडे बघायचा, तेलाकडे बघायचा. फ्रितोले मात्र पूर्वीसारखेच होत होते.

कार्निव्हलमध्ये इझेप्पो पेटीवाला आला. आमच्या चौकांत वर्षानुवर्षं फिरलेला, गळ्यात ढोलकी, पाठीवर पेटी. त्याचा आमच्या कालव्याचा जुना कागद ओलीनं फाटायला आला होता म्हणून त्यानं दुकानातून नवा घेतला, आणि थेट माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“माझी बाई कुठंय?”

मी मनात म्हटलं, तिला आपली म्हणणारा हा तिसरा. इझेप्पोचा खेळ त्या बाईवर चालायचा. पोरं भिंगाला डोळा लावायची, हा ओरडायचा, बघा बघा, साखरवाली हात उचलते, आता तुमच्यावर साखर पडणार. आणि वरून चिमूटभर साखर त्यांच्या डोक्यावर सोडायचा. पोरं चाटत सुटायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची. आता पिंपाचा काय खेळ करू, असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, माझ्यावर डाफरू नकोस, ज्यानं पिंप काढायला लावलं त्याला विचार. तो तसाच खाली गेला आणि मी त्याच्या मागोमाग.

त्यानं मोमोलोच्या टपरीशेजारीच पेटी तिवईवर चढवली, जुना फाटका कागद आत घातला. मुखवटे घातलेली पोरं लगेच जमली.

“तुझ्या पिंपानं माझं पोट मारलंय, काका. ये, बघ काय घालवलंस ते.”

“बघायचं काय त्यात?” मोमोलो म्हणाला. “त्याच्या काठावर उभी आहे. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“त्याच्या कुठं? चहाडखोरांचं ऐकतोस आणि स्वतः बघत नाहीस. वाक जरा. पैसे नकोत तुझे.”

मोमोलोनं माझ्याकडे बघितलं. मी मानेनं हो म्हटलं. त्यानं हात फडक्याला पुसले, गुडघे धरून वाकला आणि जन्मात पहिल्यांदा नव्या जगाला डोळा लावला.

तो उठेचना. आधी पोरं कुजबुजली, मग आजोबा सरका, आजोबा आमची पाळी, असं ओरडायला लागली. एकानं त्याच्या पाठीत रंगीत कागदाचे तुकडे भिरकावले. मला वाटलं, याला घेरी आली की काय, आणि मी त्याच्या खांद्याला हात लावला.

“झानेता,” तो डोळा न काढता म्हणाला, “ही आपल्या काठावर आहे.”

मी म्हटलं, हो, आरशात सगळं जागेवर येतं.

“डाव्याच हातानं टाकतेय गं.”

मग तो सरळ झाला. डोळ्याभोवती भिंगाच्या कडेचा गोल वळ उठला होता. त्यानं झारा माझ्या हातात दिला, इझेप्पोच्या पेटीवर एक नाणं ठेवलं आणि पुलाच्या पायऱ्या चढायला लागला.

पुलावरची माणसं बाजूला झाली. जुन्या लोकांना सगळं माहीत होतं; त्यांनी नव्यांना कोपरानं ढोसलं. पलीकडे टीटानं झारा घट्ट धरला. मी तशीच हातात मोमोलोचा झारा घेऊन पुलाच्या माथ्यापर्यंत गेले. ‘माझी कढई सोडून आलीस’ म्हणून पुढे त्यानं मला कधी बोल लावला नाही. मोमोलो टीटासमोर जाऊन उभा राहिला. दोघेही म्हातारे झाले होते. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना बहुतेक तेव्हाच पाहिलं.

“जा, पेटीत बघून ये,” मोमोलो म्हणाला. “पैसे दिलेत मी.”

“काय आहे पेटीत?”

“जाऊन बघ. कढई मी सांभाळतो.”

टीटानं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. काहीतरी डाव आहे असं त्याला वाटलं असणार. पण एवढी माणसं बघत असताना माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं टोपी नीट केली, पूल ओलांडून गेला, पोरांना काहीतरी विनोद ऐकवला आणि पेटीवर वाकला. वाकला तसा लगेच उठला. पेटीकडे बघितलं, आमच्या कालव्याकडे बघितलं, आणि पुन्हा वाकला. या वेळी बराच वेळ. इझेप्पोनं साखर टाकली ती त्याच्या टोपीवर पडली. उठल्यावर त्यानं इझेप्पोला काहीतरी विचारलं. इझेप्पो म्हणाला, तुमचाच कालवा आहे की, अस्सल, जुन्या छापावरून केलेला.

टीटा परत आला तो पायऱ्या मोजत असल्यासारखा, एकेक करत. मोमोलो त्याच्या कढईतला घाणा उतरवत होता.

“माझ्या काठावर कुणीच नाही रे,” टीटा म्हणाला. “वाळूची नाव आहे आणि भिंत.”

“नव्हतंच कुणी,” मोमोलो म्हणाला.

हे तो टोमणा मारायला म्हणाला नाही. महाळुंगाची साल संपली असं गिऱ्हाइकाला सांगावं, तसं त्यानं सांगितलं. मग टीटाचा झारा त्याच्या हातात दिला, तेल जरा कमी तापवत जा म्हणाला, आणि पुलावरून परत आपल्या खळग्यात येऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून मी पिंपं काढायची थांबवली. घागरा पुन्हा पिवळा करायला लागले. लेंटचे उपास उरकल्यावर परदेशी लोकांचा पहिला ताफा आला, त्यात एक तांबूस दाढीचा माणूस होता. त्यानं टीटापुढे कागद धरला आणि पिवळ्या घागऱ्यावर बोट ठेवलं. मी कुंचला खाली ठेवून ऐकायला लागले. टीटा कागदाकडे पुष्कळ वेळ बघत राहिला. मग हात लांब करून त्यानं पुलापलीकडे मोमोलोकडे दाखवलं.

तो माणूस गोंधळून पूल ओलांडून आला. कागद बघितला, मोमोलोला बघितलं, पुन्हा कागद बघितला. मोमोलोनं फ्रितोले ताटलीत काढले. मग साखरेचा डबा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, हात जाईल तेवढा उंच केला आणि साखर सोडली. वारा होता. निम्मी कालव्यात गेली.